उखळ

दुकानाच्या काउंटरवर, काचेखाली,
दातांच्या कवळ्या ओळीने हसत असतात.
काउंटरखाली तीन फुटांची टाकी.
तिथे हसण्यासारखं काही नाही.
तिथे तो राहतो.

शनिवारच्या बाजारात चाळीस बाटला घेतला,
रबरबँड लावलेल्या पिशवीत.
विकणारा म्हणाला, राचबुरीच्या शेततळ्यातला आहे,
आईला इंजेक्शन, बापाला इंजेक्शन,
नदी ह्यांच्या सात पिढ्यांनी पाहिलेली नाही.
आमच्या भाषेत ह्या माशाचं नाव आहे
अंगभर साज चढवलेला.
घरी आणून पाहिलं तर सगळं अंग काजळी,
लाल म्हणाल तर एवढीशी शेपटी.
लग्नाला निघताना
बाकीचे दागिने गहाण पडल्यासारखी.

आईचं पपई कुटायचं मातीचं उखळ
कडेला तडकलं होतं, म्हणून टाकीत आडवं ठेवलं.
पहिल्या रात्रीच त्याने ते ताब्यात घेतलं.
दुसऱ्या दिवशी उखळापुढची वाळू.
चौथ्या दिवशी पंपापर्यंतचं सगळं पाणी.
आधीच्या सहा चंदेरी माशांनी
वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या तारेमागे,
निर्वासितांचा तळ ठोकला.
उखळात डोकं घातलं की मुसळाची भीती कसली,
हे त्याला कुणी शिकवलं असेल?

मी लम्दुआन. बावन्न वर्षांची.
लोकांच्या तोंडाचे साचे घेते,
कोणाची कोणत्या बाजूने चावायची सवय आहे
ते मला मेणावर दिसतं.
मला वाटलं, ह्याला सोबत हवी.
आता नदीत उरलेच नाहीत म्हणतात,
निदान माझ्या टाकीत तरी दोन असोत.

दुसरा आणला.
अकरा मिनिटं.
गिऱ्हाईक तोंडात साच्याचा लगदा धरून
डोळ्यांनी खाली दाखवत होतं, मी वाकले,
तर नव्याची शेपटी अर्धी
आणि काळा रंग उतरून राखाडी झालेला.
जाळीने काढला, बादलीत ठेवला,
रात्रभर बादलीशेजारी स्टुलावर बसले.
सकाळी त्याला कुणाला तरी देऊन टाकलं.
कुणाला, ते मुद्दाम विसरले.

नव्वदीतले वडील महिन्यातून एकदा येतात.
कवळी सैल झाली, हे निमित्त.
एके काळी जिथे दोन रंगांच्या दोन नद्या मिळतात,
शहराच्या त्या टोकाला, त्यांची होडी असायची.
ह्या खेपेला खाली बसले, गुडघे धरून,
बराच वेळ.
मी सांगितलं, नदीतला हा आता संपलाय,
ह्याला जपायला लागतं, पाणी दर आठवड्याला बदलते.
"हा?" ते म्हणाले.
"हा जाळ्यात चिखलासारखा यायचा.
हाडंच फार. मीठ लावून मडक्यात टाकायचो,
मुरला की तुझी आई मिरचीबरोबर
कुटायची."
आणि उखळाकडे बघून गप्प झाले.

मीही काही बोलले नाही.
पंप तेवढा बोलत होता.

मग त्यांनी काचेला बोट लावलं,
तेच, जाळ्याच्या दोरीने वाकडं झालेलं.
तो उखळातून सुटला तो थेट बोटावर,
टक्कन काचेवर आपटला,
वळला, पुन्हा आला.
वीतभर पाण्याचा मालक
एका म्हाताऱ्या कोळ्याला हाकलत होता.

वडील इतके हसले
की वरची कवळी निसटून तळहातावर आली.
ती धरून, बोळक्या तोंडाने,
त्यांनी त्याला काहीतरी म्हटलं.
मला वाटतं, जा म्हणाले.
किंवा ये.
दातांशिवाय दोन्ही सारखंच ऐकू येतं.

मी कवळी धुतली, डावीकडे थोडी घासली.
तो उखळाच्या तोंडाशी उभा होता,
शेपटी ताणून,
अजून कुणी आहे का बघत.